मार्चच्या कव्हरवरची मुलगी

आमच्याकडे आधी गोष्ट नसायचीच. आधी कव्हर. चित्रकार मनाला येईल ते रंगवून आणायचा: आठ हातांचा राक्षस, शहरावर कोसळणारा चंद्र, नाहीतर पितळी टोप घातलेली अर्धी उघडी बाई. ते चित्र भिंतीला टेकवून ठेवायचं, मग एखाद्या लेखकाला बोलावून सांगायचं, "हे बघ, याच्यावर लिही." आधी कळस, मग पाया. कव्हरं रंगीत, ती दुसऱ्याच छापखान्यात छापायची आणि त्यांना वेळ लागायचा, म्हणून ही उलटी तऱ्हा. आमचं मासिक 'झेनिथ स्टोरीज' निघाल्यापासून असंच चाललं होतं आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही.

मी पेग डनलिव्ही. दारावर संपादक म्हणून नाव मिस्टर स्ट्राउड यांचं. पण टायपिंग, प्रुफं, वाचकांची पत्रं आणि लेखकांची रडगाणी सगळी माझ्या गळ्यात. ऑफिस थर्ड अ‍ॅव्हेन्यूवर, खिडकीला लागून खांबांवरून धावणारी रेल्वे. गाडी गेली की टेबलावरचे कागद सरकायचे, आणि मिस्टर स्ट्राउड वाक्य अर्धवट सोडून, तोंड तसंच उघडं ठेवून, ती जायची वाट बघायचे. चार वर्षं त्या खोलीत काढली, पण एका जागी स्वस्थ बसलेलं मला आठवत नाही.

कव्हरं काढायचा फेरेन्स बोदनार. हंगेरीहून आलेला, उंच, खांद्यात वाकलेला, कोटाच्या बाह्यांना कायम रंग. इंग्रजी तो बेताचं बोलायचा आणि त्याहून कमी वाचायचा. आमचं मासिक त्याने कधी उघडून पाहिलं नव्हतं. "मी काढतो, तुम्ही लिहिता, पोरं वाचतात. प्रत्येकाने आपापलं काम करावं," म्हणायचा.

नोव्हेंबरात त्याने आणलेलं चित्र निराळंच होतं. काळंभोर आकाश, शनीची कडी, आणि त्या पोकळीत एक लांबट काचेची खोली. आत एक मुलगी आडवी, हनुवटीपर्यंत पांढऱ्या लोकरीत गुंडाळलेली. डोळे मिटलेले. काचेच्या कडांना बर्फ.

"राक्षस कुठाय?" मिस्टर स्ट्राउड म्हणाले.

"या महिन्यात राक्षसाला सुट्टी," बोदनार म्हणाला, टोपी घातली आणि गेला.

मग लाइल प्रुएटला बोलावलं. लाइलला शब्दांवर पैसे मिळायचे, त्यामुळे त्याच्या नायकाला साधं दार उघडायलाही अर्धं पान लागायचं. तो चित्रासमोर उभा राहिला, हातातल्या कॉफीच्या कपातून घोट घेतला (कपात कॉफी नव्हती, दारूबंदीच्या काळात कॉफीचे कप फार कामाला यायचे) आणि म्हणाला, "ही मेलीय."

"झोपली असेल," मी म्हटलं.

"काचेच्या पेटीत? अंतराळात? अगं पेग, बर्फ बघ. ही गोठून मेलीय, आणि कधीचीच."

मी पुन्हा पाहिलं, आणि मलाही ती मेलेलीच दिसली. बोदनारला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. चित्रकाराला विचारायची पद्धतच नव्हती.

आणि कधी नव्हे ते लाइलने चांगलं लिहिलं. मी तर थक्क झाले. फुटलेल्या जहाजाची काचेची खोली एका एकट्या खलाशाला सापडते. आत ही मुलगी, सात वर्षं शून्याखाली चारशे अंश फॅरनहाइटमध्ये. तिला जागं करायचे सगळे उपाय तो मनातल्या मनात करून बघतो. मग त्याला पटतं की काही होणार नाही. रक्ताचे स्फटिक झालेत, त्यांनी तिच्या देहाचा कण न् कण फाडलाय. मग तो काय करतो, तर ती खोली हळूहळू फिरवतो. तिचं तोंड अंधाराकडे असतं, ते सूर्याकडे करतो, आणि सोडून देतो. बस्स. ना बंदुका, ना चुंबन. मिस्टर स्ट्राउड मूळचे वीज-इंजिनियर, त्यांनी गोष्ट वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "आपल्या मासिकात पहिल्यांदा विज्ञान बरोबर आलंय."

जानेवारीत पुढच्या कव्हरचं बोलायला बोदनार आला. मिस्टर स्ट्राउड फोनवर होते. बोदनार माझ्या टेबलापाशी उभा राहिला, आणि तिथे मार्च अंकाची प्रुफं पडली होती. वर त्याच्या चित्राची छोटी नक्कल चिकटवलेली. म्हणून त्याने वाचायला घेतलं असणार. एकेका ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. मी पत्रं फोडत होते, माझं लक्ष नव्हतं. गाडी गेली, टेबल हादरलं, आणि वर बघते तर माणसाच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही.

"मिस डनलिव्ही, हिला का मारलं?"

"अहो, ती मेलेलीच होती ना. चित्रात."

"मेलेली?" तो इतक्या मोठ्याने म्हणाला की मिस्टर स्ट्राउड यांनी फोनवर हात ठेवला. "गाल बघा! मी गालाला लाल रंग दिलाय! मेलेल्याला कोण लाल रंग देतं?"

"मिस्टर बोदनार, बसा आधी."

"ती व्हरांड्यात झोपलीय," तो म्हणाला, आणि बसला नाही. "ती माझी इल्का आहे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. इल्का त्याची एकुलती एक मुलगी. सतरा वर्षांची, आई नाही. छातीला क्षय. गेल्या वसंतापासून वर सॅरनॅक लेकला, डोंगरातल्या आरोग्यधामात. तिथला उपचार म्हणजे थंडी. काचा लावलेल्या व्हरांड्यात, बर्फ पडो की वारा सुटो, दिवसभर लोकरीत गुंडाळून उघड्या हवेत पडून राहायचं. बोदनारने तिला जशी पाहिली होती तशी काढली, आणि भोवतीच्या डोंगरांच्या जागी शनी ठेवला, कारण पोरीला डोंगरांचा कंटाळा आला होता.

"तिला मी सांगून ठेवलंय," तो म्हणाला, "मार्चच्या कव्हरवर तू आहेस. तू लांबच्या प्रवासाला निघालीयस. तुमचं मासिक ती शब्द न् शब्द वाचते. पहिली प्रत मीच नेऊन देतो, दुकानात यायच्या आधी. ती हे वाचणार, मिस डनलिव्ही. स्वतःचं तोंड बघणार आणि मग हे वाचणार." त्याने बोट प्रुफावर आपटलं. "रक्ताचे स्फटिक!"

कपाळ माझं! कव्हरं तर कधीच छापून झाली होती, गठ्ठ्यांनी छापखान्यात येऊन पडली होती. त्यावरचं तोंड बदलणं शक्य नव्हतं. बदलला तर शेवटच बदलता आला असता, आणि आतली पानं दुसऱ्या दिवशी यंत्रावर चढायची होती.

मी कोट अंगात अडकवला आणि धावत सुटले. लाइल कोपऱ्यावरच्या खानावळीत ॲपल पाई खात बसला होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं, शेवट बदल म्हटलं. त्याने काटा खाली ठेवला.

"नाही."

"लाइल, ती सतरा वर्षांची आहे."

"आणि मी एक्केचाळीस वर्षांचा आहे, आणि आयुष्यात एकदा नीट लिहिलंय. एकदा! मला माहितीय ना मी काय लिहितो ते. हिरव्या माकडांच्या मारामाऱ्या. ही एक गोष्ट मी माझ्या भावाला पाठवणार होतो, जो मला गाढव समजतो. तू तिला जिवंत करणार? कशी? गरम पाण्याच्या पिशवीने?"

"तू सांग कशी."

"नाही होत ती जिवंत. तेच तर गोष्टीत आहे, बयो."

त्याचं खरंच होतं, म्हणून मला आणखीच संताप आला. त्याची उरलेली पाई मी उचलून खाल्ली आणि परत धावत वर आले.

मिस्टर स्ट्राउड खिडकीशी उभे होते. बोदनार अजून गेला नव्हता. खुर्चीत टोपी चुरगळत बसला होता. "वाचक आपल्याला फाडून खातील, पेग," मिस्टर स्ट्राउड हळूच म्हणाले. "गेल्या वेळी मंगळाच्या चंद्राची दिशा चुकली तर पोतंभर पत्रं आली. हे तर..." गाडी आली. ते तोंड उघडं ठेवून थांबले. गाडी जाईपर्यंत ते बोदनारच्या त्या टोपीकडे बघत होते. गाडी गेल्यावर वाक्य पुरं केलंच नाही. म्हणाले, "तू लिही. मी बघणार नाही. लाइलच्या शिव्या तू खा, वाचकांच्याही तूच खा."

मी छापखान्यात जाऊन खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याशेजारी स्टुलावर बसून लिहिलं. जितक्या ओळी काढल्या तितक्याच घालायच्या, एक जास्त नाही, एक कमी नाही, नाहीतर पुढची सगळी पानं सरकली असती. खलाशाला मी एक किरणांचा दिवा दिला, एक सुई दिली. मुलीच्या पापण्या हलवल्या. काचेवर तिच्या श्वासाची वाफ आणली. तरी दोन ओळी उरल्या, तर तिने डोळे उघडून कॉफी मागितली असं केलं. वाचून पाहिलं, मला बरं वाटलं. खरं सांगते, डोळ्यांत पाणीच आलं. जुळारी म्हातारा म्हणाला, "झकास. माझ्या बायकोला आवडेल." यंत्र सुरू झालं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पहिली प्रत घेऊन रविवारी बोदनार तिच्याकडे जाणार होता, तर मलाही चला म्हणाला. "ती विज्ञानाचं विचारते. मला उत्तर येत नाही. मी नुसता हसतो." नाही कसं म्हणणार? शनिवारी संध्याकाळी निघालो, सकाळी पोहोचलो. गाडीत तो खिडकीशी बसायचा, उठायचा, दाराशी जायचा, परत यायचा. मासिक तपकिरी कागदात बांधून छातीशी. मी हॅमचे सँडविच नेले होते, जुन्या प्रुफांच्या कागदात गुंडाळून. आमच्याकडे जेवण नेहमी त्यातच बांधायचे, कागदाचा काय तोटा! त्याने एक घास खाल्ला नाही. "वसंतात घरी आणणार तिला," एवढंच मधूनमधून म्हणायचा. "डॉक्टर काय म्हणतात?" मी विचारलं, तर पुन्हा तेच, "वसंतात."

व्हरांडा म्हणजे हुबेहूब ते कव्हर. एक लांब, काचांची खोली. वरच्या काचा उघड्या, कडांना बर्फ, आणि चाकांच्या खाटेवर मुलगी, लोकरी टोपी कानांवर ओढलेली. हातमोज्यांची बोटं कापलेली, पानं उलटता यावीत म्हणून. लाइल काय, कुणीही मेलेलीच म्हणालं असतं. तेवढ्यात ती वळली आणि गालांवर ती लाली दिसली. बोदनारने ती अगदी बरोबर काढली होती. तो तापाचा रंग होता, हे मला लांबूनही कळलं. त्याला कसं कळत नव्हतं?

"पापा! दे, दे, दे!" तिने कागद फाडला. कव्हर हातभर लांब धरून बघितलं. "अय्या! नाक केवढं काढलंयस माझं?"

"नाक आजीवर गेलंय. माझा काय दोष?"

"आणि या मिस डनलिव्ही? वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणाऱ्या? तुम्ही त्या टोलेडोच्या पोराला काय झाडलंत हो गेल्या महिन्यात! मी इतकी हसले, नर्स धावत आली." आणि आम्हाला बसा म्हणायच्या आधीच ती वाचायला लागली.

आम्ही बसलो. म्हणजे मी बसले, तो उभाच. खाटेचं तोंड आतल्या दाराकडे केलेलं होतं, कोण आलं ते तिला दिसावं म्हणून. तेही बोदनारनेच मागच्या खेपेला केलेलं. तिच्या पाठीमागे आख्खे डोंगर उन्हात उजळले होते. ती भराभर वाचत होती, मधेच हसत, मधेच खोकत, खोकला आला की पान बोटाने दाबून धरायची. मग हसणं थांबलं. वेग कमी झाला. बोदनार माझ्याकडे बघायला लागला. मी डोळ्यांनीच त्याला म्हटलं, थांबा हो, येतंय, शेवट चांगला आहे.

तिने शेवटचं पान वाचलं. मागे गेली, परत वाचलं. मासिक मांडीवर पालथं ठेवलं.

"ही शेवटची दोन पानं कुणी लिहिली?"

"लाइल प्रुएटने," मी म्हटलं. "वर नाव आहे की."

"प्रुएट? छे! प्रुएट नेभळट लिहितो, पण वेडा नाही. इथे बघा, त्यानेच म्हटलंय, रक्ताचे स्फटिक, कण न् कण फाटलेला. आणि पान उलटलं की दिवा लावतात, सुई टोचतात आणि बाईसाहेब कॉफी मागतात! कॉफी, मिस डनलिव्ही!"

थोबाडीत बसावी तसं झालं मला. ती कॉफी मला फार आवडली होती.

"वाचकांना सुखी शेवट आवडतो," मी म्हटलं.

"मला नाही आवडला." तिचा आवाज चढला, खोकला आला, तो तिने संतापानेच परतवला. "इथे सगळे तेच करतात. नर्स म्हणते वजन वाढलंय. डॉक्टर म्हणतात बघू हं. पलीकडच्या खाटेवरची रोझमंड घरी गेली म्हणे. रात्रीतून? चपला इथेच टाकून? मला हे मासिक ही एकच जागा होती जिथे माणसं हिरवी असली तरी चालतील, पण थंडी म्हणजे थंडी, आणि नाही म्हणजे नाही. तुम्ही तिथेही आलात."

माझं तोंड उघडलं ते मिस्टर स्ट्राउडसारखं उघडंच राहिलं.

"मी पत्र लिहिणार आहे. छापाल? नाव-पत्त्यासकट?"

"छापीन," मी म्हटलं. छापलंही. मे महिन्याच्या अंकात, सगळ्यात वर, त्या कॉफीसकट.

पण ती आता माझ्याकडे बघत नव्हती. "पापा, तू सांगितलंस ना त्यांना शेवट बदलायला?"

बोदनारने टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"पापा, सात वर्षं. शून्याखाली चारशे अंश. ती जगेल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मिस डनलिव्हींकडे नको बघू. मी तुला विचारतेय. जगेल?"

दूर कुठेतरी छपरावरून बर्फ घसरून पडला. मला वाटलं, आता हा म्हणणार, वसंतात. मला तर वाटत होतं, म्हण रे बाबा, म्हणून टाक एकदाचं, मग आपण जाऊ.

"नाही," बोदनार म्हणाला.

आणि मग खाटेच्या कडेवर बसला. गाडीत स्वस्थ बसला नव्हता, ऑफिसात स्वस्थ बसला नव्हता, तो आत्ता बसला. इल्काने त्याच्या रंग लागलेल्या बाहीत हात घातला. रडली ती नाही, रडला तो.

मग तिने मला विचारलं, "खरा शेवट काय होता?"

मला तो पाठ होता, पण सांगायची गरज पडली नाही. पिशवीत हात घातला तर उरलेलं सँडविच, आणि त्याभोवती लाइलच्या मूळ शेवटाचं जुनं प्रूफ. आदल्या दिवशी घाईत हाताला लागलं तेच गुंडाळलं होतं मी. मोहरीचे डाग पडलेले, एक कोपरा पारदर्शक झालेला. शरमेने मेल्यासारखं झालं, तरी दिलं. सँडविच तिने बाजूला ठेवलं आणि कागद मांडीवर सरळ केला.

"मोठ्याने," बोदनार म्हणाला. "मला इंग्रजी हळू समजतं."

तिने मोठ्याने वाचलं. खलाशी सगळे उपाय मनात करून बघतो तिथपासून. बाप ऐकत होता, एकेका शब्दाला मान हलवत. तो खोली हळूहळू फिरवतो, तिचं तोंड सूर्याकडे करतो, इथे ती थांबली, श्वास घेतला, आणि शेवटची ओळ वाचली. कागद चार घड्या करून मासिकात, बरोबर त्या पानाशी, ठेवून दिला.

"हं," ती म्हणाली. "हे बरोबर आहे. प्रुएटला सांगा, मी म्हटलं म्हणून."

"सांगते," मी म्हटलं. "त्याच्या भावाचाही पत्ता आहे माझ्याकडे."

बोदनार उठला. डोळे बाहीने पुसले, त्यामुळे कपाळाला निळा रंग लागला. खाटेभोवती एक फेरी मारली, वाकला आणि एकेका चाकाची खीळ पायाने सोडवली. मग त्याने खाट ढकलायला सुरुवात केली, अगदी हळू, चाकं करकरली, दार बाजूला गेलं, भिंत गेली, आणि काचांतून ऊन तिच्या पायांवर आलं, मग छातीवर, मग तोंडावर. तिने डोळे मिटून घेतले.

"बस?" त्याने विचारलं.

"अजून थोडं डावीकडे, पापा," ती म्हणाली.